अर्धा हात

बैठक सोसायटीच्या गोदामात झाली,
युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून.
सतरा हात वर गेले. माझा अठरावा,
कोपरापर्यंतच.
सेक्रेटरी ठेंगणेनं तरीही मोजला.
बाहेर आल्यावर तोच हात मी
बराच वेळ खिशात ठेवला.

लटारू उरकुडे. जिनिंगच्या काट्यावर कापूस मोजणारा माणूस.
पण सारं गाव त्याला मॅनेजरच म्हणत आलं,
कारण वणीहून आलेल्या पंचानं पहिल्यांदा विचारलं,
"टीमचा मॅनेजर कोन?"
आणि हा पुढं झाला, पायात प्लास्टिकच्या चपला.

त्याआधी आमचे पोट्टे चेंडूमागं पळत
जशी सुटलेल्या गोऱ्ह्यामागं अख्खी गल्ली.
यानं चुन्यानं मैदानात चौकोन आखले.
म्हणाला, "ज्यानं त्यानं आपला धुरा सांभाळा,
दुसऱ्याच्या वावरात घुसू नोका."
गालातला खर्रा थुंकल्याशिवाय
चेंडूला पाय लावू दिला नाही कुणाला.
बंडू आत्रामचा तेव्हा सुटला तो सुटलाच,
त्याची बायको अजून उरकुडेचं नाव घेते.

मग ते वर्ष.
फायनल खाणीच्या टीमशी. त्या साऱ्यांच्या पायात बूट,
आमच्यात सहा जणांच्या.
पेनल्टीच्या वेळी यानं गोली बदलला,
गुरं राखणारा चिंधू कन्नाके उभा केला.
आम्ही शिव्या घातल्या.
चिंधूनं दोन अडवले, एक छातीनं,
एक कशानं ते त्यालाही ठाऊक नाही.
रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कप होता,
कपात मुरमुरे, आणि माझ्या खांद्यावर मॅनेजर.
"जड तर नाई होत?" त्यानं विचारलं,
मग स्वतःच सांगितलं, काट्यावरच्या सवयीनं:
"एकसष्ट किलो चारशे."

त्यानंतर पाच वर्षं तेच चौकोन.
चुना तोच, पोट्टे वेगळे.
समोरच्यांना आमची चाल पाढ्यासारखी पाठ.
यंदा मारेगावात पाच-शून्य.
तिसऱ्या गोलनंतर दोरीजवळून कुणीतरी ओरडलं,
"मॅनेजर, घरी जा!"
आवाज माझा होता.
तो वळला नाही. फक्त मान जराशी आखडली.
नऊ वर्षं चेंडूत हवा मीच भरतो,
माझ्या पंक्चरच्या दुकानात,
माझा आवाज त्याला कसा कळणार नाही.

निर्णय बरोबर होता.
हे मी रोज सकाळी दुकान उघडताना म्हणतो.
दुपारपर्यंत टिकतं.

निरोपाला शाल, नारळ
आणि भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ कुणाला सुचलं देव जाणे,
ज्याला वेळ झाली म्हणून सांगितलं त्यालाच.
त्यानं ते कानाला लावलं.
"सेल नाई टाकला बे," म्हणाला आणि हसला,
आणि आम्ही सारे गरजेपेक्षा जास्त हसलो.

आता भद्रावतीचा एक पोरगा येतो.
लाल शंकू मांडतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो.
चांगला आहे. रविवारी आम्ही तीन-एक जिंकलो.
पहिल्या गोलला मी उडी मारली
आणि खाली येता येता दिसला
दोरीच्या या बाजूला, शेंगदाण्याची पुडी घेऊन, उरकुडे.
टाळ्या वाजवत होता.
हातात पुडी, म्हणून आवाज येत नव्हता.

मला वाटलं होतं, तो आम्ही हरायची वाट बघेल.
बघितली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात चेंडू बाहेर आला, त्याच्या पायाशी थांबला.
"काका, द्या ना!" पोट्टे ओरडले.
नवे आहेत, त्यांना माहीत नाही.
त्यानं चेंडू उचलला. अंगठ्यानं दाबला.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"हवा कमी हाय बे, मारोती."

कमी होतीच.