चौकट

चित्रकलेचे तास आठवड्याला चारावरून एकावर आले,
म्हणून रिकाम्या झालेल्या जागी मला हा विषय दिला:
माध्यम. नववी ब, जेवणानंतरचा तास.
पाठ्यपुस्तक येईल म्हणाले. दिवाळी झाली, आलं नाही.

मग बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं,
मधोमध कटरने पोस्टकार्डाएवढी खिडकी पाडली
आणि म्हटलं, हे आपलं पुस्तक.
यातून बघा, दिसेल ते लिहा.
मग झाकण बाजूला करा
आणि राहिलं ते लिहा.

विश्वतेजने खिडकीतून संगमाचा घाट लिहिला, देऊळ, पायऱ्या.
झाकण काढल्यावर निर्माल्याच्या पिशव्या
आणि पाण्यात मोटरसायकल धुणारा त्याचा सख्खा मामा.
प्रणोतीने हरिपूर रस्त्याच्या चिंचा मोजल्या, अकरा,
झाकण काढून मोजता मोजता तास संपला.
समर्थ लवटेने लिहिलं,
हळदीचं पेव चौकटीत येत न्हाई बाई,
वरनं नुसती माती दिसती.
त्याला दहापैकी दहा दिले.
घाई केली असं नंतर वाटलं, पण खोडले नाहीत.

पुढच्या तासाला शिकलगारांच्या रद्दीतून
किलोवर आणलेलं बाड नेलं.
मधलं एक पान महापुराचं:
नाव, नावेत एक लहान मुलगी,
तोंड वेडंवाकडं, डोळे मिटत आलेले.
खाली ठळक: अंगणात पाणी, डोळ्यांत पाणी.
नावेतल्या मुलीचं नाव नव्हतं.

मी विचारलं, हे पान आपल्याला काय वाटायला लावतं?
हात वर आले. वाईट. दया. कपडे पाठवावेसे.
तिसऱ्या बाकावरून आस्मा पखाली उठली.
"बाई, ही मीच हाय."

वर्ग हसला, मग हसू मध्येच राहिलं.
ती पुढे आली, कागदावर नख टेकवून म्हणाली,
"रडत न्हवते मी. शिंक येत व्हती.
नावेत कुणाचं तरी हळदीच्या पुडीचं पोतं फुटलं व्हतं."

शिंकेच्या एक क्षण अलीकडे
कुणीतरी बोट दाबलं होतं.
एक क्षण पलीकडे दाबलं असतं
तर ते पान छापलंच नसतं.

मी झाकण चित्रावर ठेवलं, हळूहळू डावीकडे सरकवलं.
कडेला एक हात. मनगटाशी कापलेला,
हिरव्या बांगड्या, फ्रॉक मुठीत.
हा कुणाचा?
"इंगळे काकूंचा. आमचं भांडण हाय त्यांच्याशी, गटारीवरनं."
तेव्हा नव्हतं?
"तवापण व्हतं. आतापण हाय.
पर त्या दिवशी उतरंस्तवर
फ्रॉक सोडला न्हाई त्यांनी."

फळ्यावर लिहायला मी ठरवून आले होते
संदेश, उद्देश, लक्ष्यगट.
खडू हातातच राहिला, बोटं तेवढी पांढरी झाली.

म्हटलं, नवा मथळा द्या. पाच शब्दांच्या आत.
पंचेचाळीस चिठ्ठ्या.
घरी कुकरपाशी उभी राहून वाचल्या.
बहुतेकांना पाणी सोडवलं नव्हतं.
एकाने लिहिलं होतं, भांडण चालू, हात घट्ट.
एकाने नुसतं, हळद उडाली.
आस्माची चिठ्ठी कोरी. उलटून पाहिली
तर मागे पेन्सिलीने, बारीक:
फोटोवाल्या काकांनी नाव इचारलं न्हाई.
इचारलं असतं तर आधी शिंकले असते, मग सांगितलं असतं.

चाचणीची प्रश्नपत्रिका उद्या द्यायची आहे,
दोन्ही तुकड्यांना एकच, वीस गुणांची.
पान वर चिकटवलंय. खाली पहिला प्रश्न:
नावेतल्या मुलीचं नाव लिहा. गुण एक.
पर्याय दिलेले नाहीत.
ब तुकडीला उत्तर येतं.
अ तुकडीने मधल्या सुट्टीत
जाऊन विचारावं.