अकरा

रुवीच्या हाय स्ट्रीटमागच्या गल्लीत
शिंपी आणि लाँड्री यांच्यामध्ये
माझं दुकान, सात फूट बाय पाच.
फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, पाण्यात पडलेला फोन
सगळं दुरुस्त होतं असं पाटीवर चार भाषांत लिहिलंय.
मराठीत नाही.
तरी गुरुवारी रात्री आपली माणसं येतातच.
दाराशी चपला काढायला वाकतात
आणि मी ओळखतो.

दत्ताराम घवाळी समाईलच्या क्रशरवरून आला,
भुवयांत खडीची पूड.
पायमोज्यात गुंडाळलेला मेलेला फोन काउंटरवर ठेवून म्हणाला,
खतीबभाय, पुसलेले मेसेज निघतात का?

कुणाचे, हे मला विचारावंच लागतं.
इथं लोक दुसऱ्याचे काढून मागतात,
बायकोचे, भागीदाराचे, एकानं तर अरबाबचे.
त्यांना मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

माझेच, तो म्हणाला. मीच लिवले, मीच पुसले.

शिमग्याच्या आधीची रात्र. पगार दोन महिने तुंबलेला.
सुगंधाला त्यानं अकरा मेसेज धाडले
आणि तिनं बघायच्या आत
एकेक दाबून धरून पुसले, तिच्याकडचेही.
सकाळी तिला दिसल्या अकरा राखाडी ओळी:
हा मेसेज हटवला आहे.
हा मेसेज हटवला आहे.
सात महिने झाले, ती पोराच्या फीचं बोलते,
विहिरीवरच्या पंपाचं बोलते,
आणि फोन ठेवता ठेवता हळूच,
त्या रात्री काय लिवलं होतंत?

आणि मला आठवत नाय, भाय.
खोटं सांगू तर अकरा खोटी रचायला हवीत.
तेवढी अक्कल नाय माझ्याकडे.

मी त्याला त्याच्याच खोलीवरून समजावलं.
कॅम्पातला माणूस कायमचा गावी गेला
की दारावरच्या यादीत नाव खोडतात.
पण खाट असते. गादीत त्याच्या कुशीचा खळगा,
भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग.
नवा येऊन आडवा होईस्तोवर
गेलेला थोडा तिथंच असतो.
फोनचंही तसंच.

हा त्याच आठवड्यात पडला ना वरून?
मग बरं झालं. कुणी आडवं झालं नसेल.

दुसऱ्या फोनची स्क्रीन लावली, चार्जिंगचा पाय डागला.
दत्ताराम स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत राहिला,
ऑपरेशनच्या दाराबाहेर बसतात तसा.
लाँड्रीवाल्यानं शटर ओढलं.
बाराच्या सुमाराला एक नक्कल सापडली.
रात्री दोनला फोन आपणहून काढून ठेवतो ती.
पहिला मेसेज एक अठ्ठावन्नचा. बाकीचे दहा दोननंतरचे,
त्यांचं काही हाती लागलं नाही.

जागी आहेस का

एवढाच?
एवढाच.
त्यानं परत वाचला. ओठ हलवत.
म्हणाला, ह्यो तर मी रोजच लिवतो.

पैसे मी घेतले नाहीत. दहा बाकी होते.

पुढच्या गुरुवारी आला तो केबल घ्यायला.
केबल त्याच्याकडे होती, खिशातून लोंबत होती.
सांगितलं तिला, म्हणाला.
ती म्हणाली, जागीच होते.
तिथं साडेतीन वाजले होते. पोराला ताप,
नुकता हातावर झोपलेला.
फोन ओटीवर, रेंज तिथंच येते.
अकरा वेळा वाजला. मोजले म्हणाली.
उठले असते तर पोर उठलं असतं.
पडल्या पडल्या मनातच उत्तर दिलं तुम्हाला,
प्रत्येकाला एक.

मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून
त्यानं आवाज खाली केला,
आत कुणी निजलंय असा.

ते निघतं का, भाय?

मी खण उघडला.
आणि बराच वेळ केबल शोधत राहिलो,
समोरच टांगलेली.