हद्दीपलीकडचा मैल

चार वाक्यं होती, फोनच्या पडद्यावर.
ओपलने ती ओट्याला टेकून वाचली,
फोन माझ्या हातात दिला, मग डार्लाच्या,
आणि ओव्हनमधले बटाटे बाहेर काढायला वळली.
यंदा बाहेरच्या राज्यांतून अर्ज फार आले, असं त्यात होतं.
खेद हा शब्द दोनदा.

हे आम्ही कुणी धरलंच नव्हतं.
वायोमिंगच्या या कोपऱ्यात, समुद्रापासून दोन राज्यं अलीकडे,
माझ्या मुलीने भरती-ओहोटीची कोष्टकं पाठ केली होती,
कधी न पाहिलेल्या एका बंदराची.
जानेवारीतच पिवळा रेनकोट मागवला होता,
तिकडे पाऊस फार म्हणून.
तो दारामागच्या खुंटीवर. लेबलासकट.

माझा पुतण्या कोल्टन तिथलाच. त्याला घेतलं.
रविवारी भावाचा फोन आला, मी अभिनंदन म्हणालो,
आवाज बरा निघाला.
कोल्टनचे मार्क मला ठाऊक आहेत. नसते तर बरं झालं असतं.
ओपल म्हणाली,
"काका-काकू तिथे कर भरतात, बाबा.
घर त्यांचं आहे. मी फक्त दार वाजवून पाहिलं."

आता एक सांगतो, डार्लालाही सांगितलेलं नाही.
ती वाक्यं वाचताना, पहिल्याच वाक्याला,
माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.
परराज्यातल्या मुलांना फी जवळजवळ तिप्पट.
डिझेलच्या पावत्यांमागे मी डिसेंबरपासून बेरजा मांडत होतो:
ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा, घोड्याचा ट्रेलर,
रात्रपाळीचा जादा पगार,
आणि दर वेळी तोंडमिळवणी होता होता राहायची.
तेवढा एक श्वास मी सुटल्यासारखा घेतला.
मग तिच्याकडे पाहिलं.
ती बटाट्यांवर मीठ टाकत होती, जरा जास्तच.
माझे कान तापले.

त्या रात्री खिंडीत बर्फ पडला.
मी नांगर चालवतो. शेतातला नव्हे, रस्त्यावरचा, बर्फ काढायचा.
केबिनमध्ये दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, असा नियम.
ती येऊन बसली. रेनकोट घालून.
लेबल मानेपाशी लोंबत होतं.
बावीस मैल कुणी बोललं नाही.
पातं डांबर खरवडत होतं, तेवढा आवाज पुरला.

हद्दीची पाटी आली. आयडाहो.
मी थांबलो नाही.
"तुझं राज्य संपलं की."
म्हणालो, इथे वळायला जागा नाही, एका अंगाला कडा आहे.
पुढे मैलभरावर रस्ता रुंद होतो, तिथे वळतो.
"मग मधला मैल?"
तोही काढतो. पातं उचलून नुसतं जायला बरं वाटत नाही.
तिकडचा व्हर्जिल आला की आपल्या बाजूचा मैल तो काढतो,
त्यालाही इथे वळता येत नाही.
"असं ठरवलं कुणी?"
कुणीच नाही. एकोणीस वर्षं झाली.

हसेल असं वाटलं. हसली नाही.
काचेवर वायपर दोन-तीनदा फिरला.
"तिथल्या ऑफिसात व्हर्जिल बसत नाही ना, बाबा."

वळलो. दिव्यांच्या झोतात आमचाच काढलेला रस्ता,
पुन्हा पांढरा होत चाललेला.
मी म्हणालो, ओपल, ते फीचं...
"माहीत आहे. पावत्या पाहिल्यात मी.
तिसऱ्या ओळीत बेरीज चुकली होती तुझी."
म्हणजे जमलं असतं?
"नाही. अजून कमी पडत होते."
आणि मग दोघांनाही हसू आलं, फुटकं,
ज्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही असलं.

लारामीहून आलेला होकार फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
मेच्या पहिल्या तारखेपर्यंत मुदत.
तिने उत्तर दिलेलं नाही. मी विचारत नाही.

पहाटे तिने कोट खुंटीला अडकवला,
खाली फरशीवर पाण्याचं थारोळं झालं.
लेबल भिजून अर्धं फाटलं होतं.
डार्ला म्हणाली, आता हा परत करता यायचा नाही.
ओपल म्हणाली, नाहीच करायचा.