लाईट गेली की

लाईट गेली की तोंडवळीत अजून
माझ्याच नावाने हाका पडतात.
मार्चात खांबावरून उतरलो तो कायमचा,
पट्टा आणि पक्कड नव्या पोराच्या हवाली केली,
हे सगळ्यांना ठाऊक. निरोपाच्या जेवणाला होते की.

तरी पास्कू कुंपणावरून विचारतो,
"कधी येतली रे?"
जणू ती माझ्याकडेच राहायला असते.

मी बॅटरी घेऊन निघतो.
इस्माईलच्या खळ्यात जायबा आधीच बसलेला,
कानाचं यंत्र खिशात, त्यामुळे
समुद्रालाही बोलू देत नाही.
बांगड्याचा भाव, कुणाची बायपास,
एकोणनव्वदच्या वादळात मी विसरलेली शिडी,
पुन्हा ती शिडी.

मग दारावरचा बल्ब पेटतो.
डोळे बारीक करून आम्ही एकमेकांकडे बघतो.
केवढे म्हातारे.

इस्माईल उठतो,
बटण बंद करतो.