केस नंबर एकेचाळीस

"हाड वाढलंय नाकातलं" असं सांगत आला
बाबालाल मुजावर, सांगली मार्केट यार्ड,
तेवीस वर्षं हळदीची पोती.

हाड नव्हतंच. निघालं ते
सोललेल्या द्राक्षासारखं, फिकट, बुळबुळीत,
फॉर्मॅलीनच्या बाटलीत डुलत
मिरजेच्या आमच्या लॅबचा जिना चढून आलं.

मी मेणात बसवते, काप काढते, रंगवते.
गुलाबी दाण्यांच्या पेशी मोजते:
एका चौकटीत सत्तर, शेजारच्या चौकटीत एकशे दहा.
कुणाच्या सांगण्यावरून जमल्या एवढ्या?
हेरवाडे मॅडम म्हणतात, धूळ लिही, दमा लिही,
डोकेदुखीच्या गोळीनं धाप लागते का, विचार.
आणि 'कारण' या रकान्यात
पेन्सिलच वापर अजून.

सोळाव्या दिवशी, तो म्हणाला, स्प्रे मारून बसलो होतो,
अन् स्वतःच्याच शर्टाला हळदीचा वास आला.
सहा वर्षांनी.
बायको नाक मुरडायची,
मला वाटायचं, भांडण उकरतीय.

फॉर्मवर वासाला जागा शून्य ते दहा.
मी सात लिहिलं.

दहा महिन्यांनी दारात उभा, तोंडानं श्वास घेत.
डावीकडं पुन्हा एक,
द्राक्ष नाही, बेदाण्याएवढं.
हातात पुडी: "नवी हळद, मॅडम. चांगली आहे का बघा,
मला काय कळंना."

माझ्या नाकात सकाळपासूनचं फॉर्मॅलीन.
पुडी हुंगली, म्हटलं, झकास आहे,
आणि नव्या बाटलीवर लिहिलं
एकेचाळीस, ब.