निधान

वडगावातला माग विकला.
भंगारवाल्यानं लोखंड तोलून नेलं,
लाकूड राहू दे म्हणाला.
कांडी तेव्हाही मागाच्याच जागी, फरशीवर,
कान आडवे टाकून बसलेली.
पाच वर्षं ती त्या खडखडाटात झोपली.
खडखडाट गेल्यावर तिला झोप येईना.
मलाही.

कडोलीला भावाच्या मळ्यात खोली मिळाली.
पुढं हातभर अंगण, मग बांध,
मग रताळ्याचे वेल, थेट ओढ्यापर्यंत.
मयुरी हुबळीहून फोनवर म्हणाली,
आई, सोड आता तिला, किती हिरवं आहे तिथं!
मलाही तेच वाटत होतं.
पिशवीतल्या गोळ्या चघळण्यात जन्म गेला बिचारीचा,
खाऊ दे पोटभर.

खरं मला रेवणकरांचा पांढरा ससा आठवला.
लग्नाच्या स्वयंपाकातला कोबीचा पाला
बुट्टीभर त्याच्यापुढं ओतलेला,
सगळे कौतुकानं बघत उभे.
संध्याकाळी पोट डफासारखं ताठ.
रात्री दात करकर वाजवत होता,
आणि आम्हाला वाटलं, अजून काहीतरी खातोय.

काकतीच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टर शिवलीला अंगडी
म्हशीच्या पोटाला नळी लावून उभ्या होत्या.
माझी टोपली बघून त्या हसल्या नाहीत.
हात धुऊन त्यांनी कांडीचं पोट चाचपलं
आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या:
निधान, अक्का. निधान.

चाळीस वर्षं मागावर कन्नड बोलले, घरात मराठी.
त्यांचं निधान म्हणजे हळू,
आपलं निधान म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा.
परतीच्या बसमध्ये टोपली मांडीवर,
आणि मी एकच शब्द दोन खिशांत
चाचपत बसलेली.

पहिल्या दिवशी हराळीच्या तीन काड्या.
तीनच. धुऊन, पुसून, हातानं.
करड मात्र टोपलीभर, दिवसरात्र,
त्याला हिशेब नाही.
जुन्या गोळ्याही तेवढ्याच.
तिसऱ्या दिवशी पाच काड्या.
सकाळी चहाआधी मी लेंड्या बघते.
गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या दिसल्या
की दिवसाची बोहनी झाली.
भावजय म्हणते, वन्सं,
देवाचं दर्शन तरी एवढं मन लावून घेता काय?

नवव्या दिवशी लेंड्या मऊ, एकीला एक चिकटलेल्या.
हिरवं बंद. दोन दिवस करड आणि पाणी.
धागा तुटला की माग थांबवायचा,
गाठ मारायची, मगच पुढचा हात.
हे मला कुणी शिकवायला नको.

भावानं कोबीवर औषध मारलंय,
त्या अंगाचं एक पान मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.
रताळ्याचा पाला चालतो, बटाट्याचा विषारी,
आणि दोन्ही सऱ्या शेजारी-शेजारी.
बांधावरून मुंगूस रोज एकदा बघून जातं.
म्हणून तिची मोकळीक जाळीच्या आत,
वर जुन्या इरकलीची सावली,
संध्याकाळी अर्धा तास,
मी पाट टाकून समोर.
पहिले काही दिवस पत्र्यावर बोटांनी
ठेका धरायचे, मागाचा.
कुणासाठी, ते विचारू नका.

काल, अठराव्या दिवशी,
तिनं जाळीतून नाक बाहेर काढलं
आणि वेलावरचं एक पान स्वतः निवडलं.
देठाकडून धरलं, सरसर आत ओढलं,
रिकाम्या कांडीवर दोरा भरत जावा तसं.
रात्री तिच्या वाटणीच्या मुठीतल्या चार गोळ्या
मी डब्यात परत टाकल्या.

मयुरीचा फोन आला.
सोडलीस काय गे शेवटी?
सोडली, म्हटलं.
पावशेर.