सांध्याखाली गोंद लावत नाहीत

बाहेर उणे सव्वीस. सुपीरिअर सरोवर कडेकडेनं गोठलेलं.
व्हर्नर तळघरात गुलाबी फोमवर वाकलेला,
नाकावर दोन चष्मे, एकावर एक.
मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसते.
पाचवीपासून गुडघे बोलायला लागतात.

आधी त्यानं गॅरेजातली पिवळी नळी आणली.
वर लिहिलं होतं : काहीही चिकटवा.
चिकटलं असतंही,
पण खाली फोमच उरला नाही.
सिगारेट टेकवावी तसा खड्डा, कडा कुरकुरीत.
"तिथे दरी करू," मी म्हटलं.
तो हसला नाही.

मग गरम गोंदाची बंदूक. तिला घाई फार.
रूळ डोळ्यांनी सरळ करेपर्यंत
गोंद गार होऊन बसतो, गाठी गाठी,
आणि वरून डबे असे डुलत जातात
जसा लग्नघरून परतताना माझा भाऊ ऑस्मो.
घाईच्या गोंदाला न थरथरणारा हात लागतो.
हे तो बोलला नाही. हात खिशात घातला.

नंतर पांढरा, शाळेतल्या पोरांचा.
रविवारी लावला, बुधवारी उचलून पाहिला,
जसाच्या तसा ओला.
फोमच्या दोन थरांमध्ये वारा पोचत नाही,
आणि वाऱ्याशिवाय कोण सुकतं?
चर्चमधल्या मिल्ड्रेडचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली,
पडदे अजून ओढलेले.
(ती गोष्ट वेगळी. पण मला तीच आठवली.)

शेवटी कॉल्क.
आंघोळीच्या टबाभोवती भरून उरलेली अर्धी नळी.
लावताना दुधासारखा, वाळला की दिसत नाही.
बुडालेल्या बँकेचं कार्ड घेऊन तो पसरतो,
पातळ, इतका पातळ
की खालची पेन्सिलची रेघ दिसत राहावी.
त्यावर करडी पट्टी, पट्टीवर पुन्हा तसाच हात, मग रूळ,
टाचण्या, आणि वजनाला
वाटाण्याच्या सूपचे आठ डबे
नि माझ्या आईचं फिनिश भजनांचं पुस्तक.
"रात्रभर," तो म्हणतो.
म्हणजे आज सूप नाही.

सकाळी एक टोक त्यानं सुरीच्या पात्यानं उचलून दाखवलं.
सोललं जावं तसं अलगद वर आलं.
"हे तर निघतं," मी म्हणाले.
"निघतं म्हणूनच."

तो घालतोय तो साल्मीचा फाटा,
खाणीपासून धक्क्यापर्यंत.
तो फाटा उखडणाऱ्या टोळीत हा होता,
त्र्याऐंशीचा हिवाळा, बावन्न दिवस,
एकेक खिळा पहारीनं.
गोठलेल्या लाकडातून निघताना खिळा ओरडतो,
हे त्यानं मला एकदाच सांगितलं
आणि त्या रात्री दिवा मालवू दिला नाही.
आमच्या गावचा फलाट मी शेवटचा पाहिला
तेव्हा त्यावर रूळ रचलेले होते,
खडूनं भंगाराचे आकडे घातलेले.
तेव्हा हा मला ठाऊकही नव्हता.
आकडे कदाचित यानंच घातले असतील.
मी विचारलेलं नाही.

आता तो सरकत सरकत त्याच गावाशी आलाय,
जिथे रूळ दोन होतात.
कार्ड पुसून बाजूला ठेवतो.
"इथे नाही. सांध्याखाली गोंद लावत नाहीत.
दोन टाचण्या पुरेत. त्याला हलता आलं पाहिजे."
मी गुडघ्यावर थाप मारते. ऐकलंस?

"इर्या, एक डबा कमी पडतोय."

वर स्वयंपाकघरात जाऊन नववा आणते.
मुदत मार्चपर्यंत.
कठडा धरून खाली येते : चौथी.
पाचवी.
अजून सहा.